हवेचा परवाना

दिवाळीची साफसफाई म्हणजे निम्मी झाडलोट आणि निम्म्या आठवणी. माळ्यावरची ट्रंक खाली उतरली, की केरसुणी बाजूला राहते आणि घरातली मंडळी ट्रंकेभोवती फेर धरून बसतात. गेल्या दिवाळीत आमच्या नाशिकच्या घरी असेच झाले. आजोबांच्या ट्रंकेतून जुनी पंचांगे निघाली, लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला, आणि अगदी तळाशी कडा झिजलेले एक लहानसे पुस्तक निघाले. आत पानोपानी तिकिटे चिकटवलेली आणि त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के मारलेले.

"बाबा, हे कसले पासबुक?" धाकटीने विचारले.

"पासबुक नव्हे. आजोबांचा रेडिओचा परवाना. दरसाल पोस्टात जाऊन पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा, तेव्हा घरात रेडिओ ठेवता यायचा."

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बोलायला परवानगी लागते, हे समजते. वर्गात आम्हीही हात वर करतो. पण ऐकायला?"

मी मास्तर माणूस. मुलांच्या प्रश्नाला उत्तर नसले, तरी 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेण्याची कला मला अवगत आहे. त्या दिवशी मी तेच केले. पण प्रश्न मनातून जाईना. हवा कुणाच्या मालकीची? तिच्यातून शब्द पाठवण्याचा आणि तो झेलण्याचा हक्क कुणी कुणाला दिला? आणि ज्यांना तो हवा होता, ते कायदा करणाऱ्यांच्या दारी कसे गेले, काय मागून बसले आणि काय घेऊन परतले? या प्रश्नांच्या मागे लागलो, तेव्हा एक इतिहास हाती आला. तो इतिहास बहुतांशी आपल्या मुंबई इलाख्यात घडला आणि त्याचे एक पान तर आमच्या नाशिकातच लिहिले गेले. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवतो.

*

या गोष्टीचा आरंभ रेडिओच्याही आधी होतो. १८८५ साली हिंदुस्थान सरकारने तारायंत्राचा कायदा केला. तारायंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारचा. दुसऱ्या कुणाला तो हवा असेल तर सरकारने परवाना द्यावा आणि त्यासाठी अटी घालाव्यात, असे त्याच्या चौथ्या कलमात सांगितले होते. १८५७ च्या उठावात तारेने आपल्याला तारले, ही आठवण इंग्रजांच्या मनात अजून ताजी होती. बिनतारी संदेश तेव्हा व्यवहारात आला नव्हता. मार्कोनी त्या वर्षी अकरा वर्षांचा होता. पण पुढे जेव्हा बिनतारी यंत्र निघाले, त्यातून माणसाचा आवाज ऐकू येऊ लागला, आणखी पुढे चित्रे दिसू लागली, तेव्हा सरकारने प्रत्येक वेळी तेच जुने चौथे कलम काढून दाखवले. खांबावरच्या तारेसाठी शिवलेला अंगरखा शंभर वर्षे आकाशाच्या अंगावर चढवला गेला. कुठे उसवला, तिथे ठिगळ लावले. पण अंगरखा बदलला नाही.

हवेत बोलण्याची पहिली हौस आली ती हौशी मंडळींना. १९२३ च्या जून महिन्यात मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली; त्याच वर्षी कलकत्त्याला आणि पुढच्या वर्षी मद्रासला तसेच क्लब निघाले. ही सारी आपापल्या खिशातून चाललेली कामे. हौस दांडगी आणि पैसा तोकडा. तेव्हा धंदा म्हणून हे काम करणारी एक कंपनी काढावी, असे ठरले. 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' हे तिचे नाव. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. महिन्याभराने, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचे केंद्र निघाले.

या कंपनीचे अध्यक्ष होते सर इब्राहिम रहिमतुल्ला. ते त्या वेळी मुंबईच्या कायदेकौन्सिलाचेही अध्यक्ष होते. आणि पुढे १९३१ मध्ये तर ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. म्हणजे पहिल्या नभोवाणी कंपनीचा धनी स्वतःच कायदेमंडळाच्या उच्चासनावर बसणारा. कायदा करणाऱ्यांचे दार ठोठावण्याची त्याला गरज काय? दार घरचेच होते! तरीही कंपनी बुडाली, आणि ती का बुडाली हे समजून घेण्यासारखे आहे.

श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यायचा आणि त्यातले आठ रुपये सरकारने कंपनीला द्यायचे, असा करार होता. कंपनीच्या हाती खरे भांडवल आले सहा लाखांचे; त्यातले साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच गेले. यंत्र दीड किलोवॅटचे; मुंबईचा आवाज नीट ऐकू येई तो तीसेक मैलांपर्यंत, म्हणजे फार तर कल्याणच्या आसपास. नाशिक तर कसाऱ्याच्या घाटापलीकडे, शंभर मैलांहून दूर. तीन वर्षांत परवाने झाले ते आठ हजारांच्या आतच. आठ हजार धरले तरी आठ रुपयांप्रमाणे वर्षाचे चौसष्ट हजार होतात. त्यात दोन शहरांतले गवई, वादक, यंत्रज्ञ आणि कारकून पोसायचे! शिवाय परवाना न काढता घरात गुपचूप यंत्र लावणारेही पुष्कळ. १ मार्च १९३० रोजी कंपनीने दिवाळे काढले.

आता पाहा, दारावरची पहिली थाप इथे ऐकू येते. केंद्रे बंद पडली तर दुकानांतली यंत्रे शोभेच्या पेट्या होणार, म्हणून यंत्रे विकणारे व्यापारी अस्वस्थ झाले. परवान्याचे पैसे भरलेले श्रोतेही हळहळले. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १ एप्रिल १९३० पासून दोन वर्षांच्या बोलीने नभोवाणी स्वतः चालवायला घेतली. तेवढ्यात जगभर मंदी आली. काटकसरीची कात्री फिरू लागली आणि १० ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारने नभोवाणी बंद करण्याचे ठरवले. गाणेबजावणे हे सरकारी खजिन्याला परवडणारे काम नव्हे, असा एकंदर सूर होता.

पण या वेळी ओरड मोठी झाली. व्यापारी आणि श्रोते एका सुरात बोलले. आणि सरकारला न जुमानता येण्यासारखी ती गोष्ट राहिली नाही. दीड महिन्याच्या आत, २३ नोव्हेंबरला, सरकारने निर्णय फिरवला; आणि ५ मे १९३२ रोजी नभोवाणी कायमची सरकारी व्यवस्थेखाली चालेल असे जाहीर केले. आज आपल्या देशात आकाशवाणी आहे, ती त्या आठ-नऊ हजार घरांनी 'बंद करू नका' म्हटले म्हणून आहे. कुण्या व्हाइसरॉयच्या कृपेने नव्हे.

तथापि सरकारने दिले त्यासोबत घेतलेही. परदेशातून येणाऱ्या यंत्रांवरची जकात शेकडा पंचवीस होती, ती पन्नास केली. आणि १९३३ मध्ये कायदेमंडळाकडून बिनतारी तारायंत्राचा एक नवा कायदा करून घेतला. तो १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. परवान्याशिवाय यंत्र नुसते घरात बाळगणे हाही आता गुन्हा झाला. यातली गंमत पाहण्यासारखी आहे. फुकट्या श्रोत्यांना आवर घालावा, ही नड मुळात नभोवाणी चालवणाऱ्या कंपनीची. ती कंपनी बुडून चार वर्षे झाल्यावर तिच्या नडीचा कायदा झाला, आणि तो सापडला श्रोत्याला! कंपनी गेली, तिच्यामागून आलेले ते परवान्याचे पुस्तक मात्र आमच्या आजोबांच्या ट्रंकेत शिल्लक राहिले.

इथे मला या साऱ्या इतिहासाची किल्ली सापडली असे वाटते. कायदा करणाऱ्यांच्या दाराशी दोघांना उभे राहायचे असते: बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला. दोघे मिळून गेले, की दार उघडते. बोलणारा एकटाच गेला, तर त्याला धंद्याची एखादी सवलत मिळते आणि ऐकणाऱ्याच्या घरी बिल येते. पुढची सगळी उदाहरणे या एका नियमावर ताडून पाहा.

*

१९३६ च्या जूनमध्ये या सरकारी नभोवाणीचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे नामकरण झाले. तिच्यावर हक्क कुणाचा, यावरून दिल्ली आणि प्रांत यांच्यातही ओढाताण होती. म्हणून १९३५ च्या राज्यघटना कायद्यात १२९ वे कलम आले: प्रांतिक सरकारांनी स्वतःचे केंद्र चालवायला मागितले, तर मध्यवर्ती सरकारने विनाकारण नकार देऊ नये. कलम कागदावर आले खरे. पण लवकरच युद्ध पेटले आणि हवेला कुलूप लागले. हौशी लोकांचे परवानेही रद्द झाले.

कुलूप लागले की कुणीतरी ते तोडतेच. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली, तेव्हा मुंबईत उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर आदी तरुण मंडळींनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालू केला. २७ ऑगस्टला त्यावरून पहिला शब्द निघाला. पोलिसांनी माग काढू नये म्हणून मंडळी यंत्र या घरातून त्या घरात हलवीत. १२ नोव्हेंबरला ती पकडली गेली आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. कायदा बदलण्याचा हाही एक मार्ग. फार थोड्यांना झेपणारा. दाराशी उभे राहण्याऐवजी त्यांनी कायदाच मोडला. कारण दाराआड जे बसले होते ते आपले नव्हते.

स्वातंत्र्य आले. दाराआड आपली माणसे येऊन बसली. दार मात्र होते तसेच राहिले. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात तार, टेलिफोन आणि ध्वनिक्षेपण हे विषय केंद्राच्या यादीत एका ओळीत बसवले गेले, आणि १८८५ चा कायदाही नांदत राहिला. १९५२ मध्ये नभोवाणीखाते आले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे. पुढली दहा वर्षे ते त्या गादीवर होते. अभिजात संगीताविषयी त्यांना मनापासून कळकळ होती. राजेरजवाड्यांचा आश्रय संपल्यावर गवयांनी जायचे कुठे, या प्रश्नाला त्यांच्या आकाशवाणीने उत्तर दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्यांच्याच कारकीर्दीत, १९५३ मध्ये, पुण्याचे केंद्र निघाले. आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' तिथून घराघरांत पोहोचले. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, हे आम्ही आजीच्या तोंडून ऐकले आहे.

पण याच केसकरांना सिनेमाची गाणी खपत नसत. आकाशवाणीने त्यांचा वेळ कापला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नाव सांगणेही थांबवले. चित्रपट-निर्माते चिडले आणि त्यांनी आपली गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. भांडण मंत्री आणि निर्माते यांचे. श्रोत्याला कुणी विचारले नाही. त्याने निवेदन दिले नाही, सभा घेतली नाही. त्याने फक्त रेडिओची खुंटी फिरवली आणि सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारच्या रात्री सारा देश समुद्रापलीकडून आपलीच गाणी ऐकू लागला. पाच वर्षे हा मूक सत्याग्रह चालला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' काढली आणि गाणी घरी परत आली. आणखी दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ पासून, त्याच विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांतून जाहिरातीही सुरू झाल्या. ज्या जाहिरातीच्या भीतीने चित्रपटाचे नाव घेतले जात नव्हते, तिच्यासाठी आता दरपत्रक निघाले!

*

नभोवाणी सरकारच्या हाताखालून काढून स्वतंत्र महामंडळाकडे द्यावी, ही सूचना मात्र वर्षानुवर्षे पडून राहिली. अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ मध्ये ती केली होती. तिच्याकडे काणाडोळा केल्याची किंमत आणीबाणीत कळली. आकाशवाणी आणि १९७२ मध्ये मुंबईत आलेले दूरदर्शन, दोन्ही सरकारचे भाट बनले. किशोरकुमारसारख्या लोकप्रिय गायकाने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. आणीबाणी उठल्यावर बी. जी. व्हर्गीस यांच्या समितीने १९७८ मध्ये 'आकाशभारती' या स्वायत्त संस्थेची योजना मांडली. शिक्षणसंस्थांना आपली लहान केंद्रे चालवू द्यावीत, हा विचारही तिच्यात होता. १९७९ चे विधेयक लोकसभेबरोबरच विरले. १९९० मध्ये प्रसारभारतीचा कायदा संसदेने केला. पण तो अमलात यायला १९९७ उजाडले. विरोधी बाकांवर असताना ज्यांना स्वायत्तता हवी असते, त्यांना सत्तेवर येताच ती नकोशी होते. या बाबतीत आपल्याकडे पक्षभेद नाही.

मग जे संसदेला जमले नाही, ते एका क्रिकेटच्या सामन्याने घडवले. १९९३ चा नोव्हेंबर महिना. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर दिव्यांच्या झोतात हिरो कपचा उपांत्य सामना चालला होता. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या होत्या. चेंडू दिला सचिन तेंडुलकरच्या हाती. त्याने तीनच धावा दिल्या आणि आपण दोन धावांनी जिंकलो. तो प्रसंग आठवला की आमच्या पिढीच्या अंगावर अजून रोमांच उभे राहतात. तो सामना आपल्याला दिसावा म्हणून पडद्यामागे न्यायालयात केवढी धावपळ चालली होती, याचा आम्हा मुलांना तेव्हा पत्ताही नव्हता.

झाले होते असे. बंगालच्या क्रिकेट संघटनेने स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शनने आणि सरकारने हरकत घेतली: हिंदुस्थानातून प्रक्षेपण करण्याचा हक्क फक्त आमचा; पाहा चौथे कलम! परदेशी कंपनीची यंत्रसामग्री कस्टमने अडकवून ठेवली. संघटना न्यायालयात गेली. तात्पुरते आदेश निघाले, सामने पार पडले, कपही आपण जिंकला. आणि मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे उरला: आकाश कुणाचे?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिणारे होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. हे मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले मराठी न्यायाधीश. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि २०२१ मध्ये पुण्यात वारले. संघटना भांडायला गेली होती पैशांच्या हक्कासाठी आणि सरकार भांडत होते आपल्या मक्त्यासाठी. न्यायालयाने दोघांच्याही खांद्यावरून मागे पाहिले, आणि दाराबाहेर उभा असलेला तिसरा माणूस त्याला दिसला: प्रेक्षक. न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मिरासदारी चालणार नाही, तशीच पैसेवाल्यांचीही चालणार नाही. लोकांना निरनिराळी मते ऐकायला मिळणे हा त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे. आणि या लहरींचे नियमन करण्यासाठी सरकारने समाजाच्या सर्व थरांतील लोकांची एक स्वतंत्र, स्वायत्त संस्था ताबडतोब नेमावी.

माझ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला या निकालात सापडले. ऐकण्याचा हक्क तिचाच आहे.

*

हक्क सांगितला गेला. तो पदरात पडणे वेगळे. निकालानंतरच्या वर्षांत बोलणारे पुष्कळ झाले आणि तेही दिल्लीच्या वाऱ्या करू लागले. १९९९ च्या धोरणाने खाजगी एफ.एम. केंद्रांना दार उघडले. पण परवान्याची फी दरवर्षी शेकडा पंधरांनी चढत जाणारी. चालक हवालदिल झाले, त्यांनी सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले. २००३ मध्ये अमित मित्रा यांची समिती बसली आणि २००५ च्या धोरणात चढती फी जाऊन उत्पन्नाचा शेकडा चार हिस्सा आला. धंदा सावरला. नाशिकलाही खाजगी केंद्रे निघाली. पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, नैसर्गिक आपत्ती एवढ्यांची माहिती 'बातमी नव्हे' म्हणून मोकळी केली. म्हणजे गोदावरीला पूर आला, रामकुंडाकडे जाऊ नका, हे सांगता येते. नदीचे पात्र कशाने आणि कुणामुळे आवळले, ही बातमी होते!

केबलची कथाही अशीच. १९९१ च्या आखाती युद्धाच्या चित्रांबरोबर इमारतींच्या गच्च्यांवर तबकड्या उगवल्या आणि गल्लीगल्लीत केबलवाला जन्मास आला. चार घरांत वायर टाकून हप्ता गोळा करणारा तो होतकरू तरुण आपल्या ओळखीचा असे. १९९५ च्या केबल कायद्याने त्याला मुख्य पोस्टात नोंदणी करायला लावली. आजोबांचे पोस्ट पुन्हा आलेच! पुढे २००४ मध्ये हा कारभार दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'ट्राय'कडे, गेला. प्राधिकरण आपली टिपणे प्रसिद्ध करते, लेखी मते मागवते, खुल्या चर्चा घेते. पद्धत चांगली, पण तिथे आपले म्हणणे मांडायला वाहिन्यांचे वकील येतात, मोठ्या वितरकांचे हिशेबनीस येतात, गल्लीतला केबलवाला क्वचित आणि प्रेक्षक त्याहून क्वचित. २०११ च्या दुरुस्तीने डिजिटल पेटीची सक्ती आली. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नाशिक होते आणि ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्या दिवसांत घरोघर एकच चर्चा: पेटी घेतली का? २०१९ मध्ये हवी ती वाहिनी निवडण्याचे नवे दर आले आणि शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये व वर कर असे मूळ शुल्क ठरले. निवड आपली, असे सांगितले गेले; आणि पुष्कळ घरांत बिल वाढले. बोलणारे एकटेच दाराशी गेले की काय होते, याचा हा ताजा दाखला.

*

पण एक तिसरी वाटही याच काळात तयार होत होती आणि तिच्यावर बोलणारा आणि ऐकणारा हे दोघे एकच होते. १९९६ मध्ये बंगळूरला काही कार्यकर्ते, अभ्यासक आणि नभोवाणीतली माणसे जमली. न्यायालय म्हणते लहरी लोकांच्या, तर मग त्या लोकांच्या हाती द्या, अशी त्यांनी मागणी केली. २००० मध्ये तेलंगणातल्या पस्तापूर गावी पुन्हा तीच मागणी झाली. सरकार बिचकत होते. आधी २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी दिली. मंडळी थांबली नाहीत. अखेर १६ नोव्हेंबर २००६ रोजी सामाजिक संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी चालवण्याची मुभा मिळाली. शक्ती शंभर वॅटची, मनोरा तीस मीटरांचा, आवाज पाच-दहा मैलांचा. त्याच भागातल्या दलित शेतकरी बायकांनी २००८ मध्ये आपले केंद्र सुरू केले. आपल्याकडे साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग' निघाले.

आमच्या नाशिकातही 'रेडिओ विश्वास' हे असेच केंद्र ९०.८ या लहरीवर निघाले. त्याची खरी परीक्षा झाली २०२० मध्ये. मार्चमध्ये करोनाने शाळांना कुलपे लागली. जूनमध्ये शिक्षण मोबाइलवर सुरू करा, असा आदेश निघाला. आदेश काढणे सोपे. पण जिथे घरात एक साधा फोन आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तिथे पोर शिकणार कशावर? हजेरीपटातली नावे वाचताना कोण जोडले जाणार आणि कोण तुटणार हे आम्हा मास्तरांना डोळ्यांपुढे दिसत होते. ती नावे अजून विसरता येत नाहीत.

त्या जूनमध्येच 'रेडिओ विश्वास'ने 'शिक्षण सर्वांसाठी' हा कार्यक्रम सुरू केला. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी दीडशे शिक्षकांनी स्टुडिओत जाऊन पाठ ध्वनिमुद्रित केले. फळा नाही, खडू नाही, समोर मूल नाही. तरी 'लक्ष आहे ना?' असे विचारून थांबण्याची मास्तरांची खोड काही जात नाही. त्या आवाजाला वीज फारशी लागत नव्हती, नेट लागत नव्हते. मुख्य म्हणजे त्यासाठी कुणाला हात वर करून परवानगी मागावी लागत नव्हती; ती चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी मागून ठेवली होती. कायदा हा शब्द आपल्याला कोरडा वाटतो. पण २००६ चा तो कागद झाला नसता, तर २०२० मध्ये ते पाठ हवेत गेलेच नसते.

या कामाबद्दल केंद्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो दिल्लीत प्रदान झाला २३ जुलै २०२३ रोजी. तारीख वाचून मी थबकलो. १९२७ मध्ये मुंबईचे केंद्र सुरू झाले तीही २३ जुलैच होती. शहाण्णव वर्षे झाली होती. घाटाअलीकडे ज्याचा आवाज पोहोचत नव्हता, त्या मुंबई केंद्राच्या वाढदिवशी घाटावरच्या नाशिकने आपला स्वतःचा आवाज देशाला ऐकवला.

या लहान केंद्रांनी पुढेही आपले म्हणणे सोडले नाही. तासाला पाच मिनिटे जाहिरातींवर केंद्र कसे चालणार, असे ती सांगत राहिली. पाचाची सात मिनिटे झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत साताची बारा. सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना ५२ रुपये होता तो ७४ झाला. बातमीचे कुलूप मात्र तसेच राहिले. २०२३ मध्ये संसदेने १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रक्षेपणाच्या नव्या विधेयकाचा मसुदाही लोकांच्या मतासाठी ठेवला गेला. त्यावर इतकी मते आणि इतके आक्षेप आले, की २०२४ च्या ऑगस्टमध्ये नवा मसुदा करण्याचे सरकारने जाहीर केले. जुना अंगरखा बदलण्याची वेळ अखेर आली. नवा शिवताना मापे कुणाची घेतली जातील, हाच काय तो प्रश्न.

*

परवान्याचे ते पुस्तक मी ट्रंकेत परत टाकले नाही. ऐंशीच्या दशकात सरकारने घरगुती रेडिओचे परवाने रद्द केले आणि आजोबांच्या पुस्तकातली पुढची पाने कोरी राहिली. या दिवाळीत धाकटीला मी 'उद्या'चे उत्तर एक वर्ष उशिरा दिले. आठ हजार घरांची ओरड सांगितली, सिलोनकडे वळलेली खुंटी सांगितली, सचिनचे षटक सांगितले, आणि दीडशे मास्तरांचे पाठ सांगितले. ते तिच्या मैत्रिणींनी ऐकलेच होते.

सगळे ऐकून घेतल्यावर तिने पुस्तकाचे पहिले कोरे पान उलगडले आणि विचारले, "म्हणजे आता ऐकायला परवाना नको. पण पुराचे खरे कारण रेडिओवर सांगायला अजून लागतो ना?"

या वेळी मी 'उद्या सांगतो' म्हटले नाही. हो म्हणालो. आणि ते कोरे पान तिच्याजवळच राहू दिले.